इंग्लिशमध्ये नीट मागायचं कसं शिकवायचं? नवशिक्यांना शिकवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपूरला नंदनवनकडे संध्याकाळी स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेते. बॅचमध्ये सगळेच असतात, बारावी झालेली पोरं, बुटीबोरीला शिफ्टला जाणारे, धंतोलीत दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या पोरी, अन् दोन-तीन काकू ज्यांना नातवाच्या शाळेत जाऊन मॅडमशी बोलायचं असते. नव्याने शिकवायला लागलेले लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलं. क्रम वगैरे काही नाही, जसे प्रश्न आले तसे आहेत.

"प्लीज" शिकवलं की झालं न? त्याला वेगळा धडा कशाला?

नाही होत. मी पण पहिले दोन वर्षं असंच समजत होते. पोरांना सांगायची, काही मागायचं असलं की प्लीज लावा, अन् पोरं लावायची पण, "प्लीज गिव्ह मी वॉटर", "प्लीज ओपन द डोर", "प्लीज कम फास्ट". ग्रामर बरोबर, प्लीज पण आहे, तरी ऐकणाऱ्याला वाटते की साहेब ऑर्डर सोडून राहिले. कारण प्लीज लावलं तरी वाक्य हुकूमच राहते, फक्त इस्त्री केलेला हुकूम. समोरच्याला "नाही जमत" म्हणायला जागा पाहिजे, अन् ती जागा प्रश्न विचारल्यावर होते. "ओपन द डोर" ला नाही म्हणणं म्हणजे भांडण, "कॅन यू ओपन द डोर?" ला नाही म्हणणं म्हणजे नुसतं उत्तर. शिकवायचं आहे ते हे, हुकमाचा प्रश्न करणं. प्लीज नंतर येते, वरून.

माझे विद्यार्थी इंग्लिश बोलले की एकदम उद्धट वाटतात. तसे आहेत का ते?

अजिबात नाही, आपल्याच भाषेची गंमत आहे ही. "काकाजी, जरा पाणी द्या न" हे वाक्य घ्या. यात आदर चार ठिकाणी ठेवलेला आहे, काकाजी एक, जरा दोन, "दे" च्या ऐवजी "द्या" तीन अन् शेवटचा तो न चार. आता हे शब्दाला शब्द इंग्लिशमध्ये न्या. काकाजीचं काही होत नाही, "जरा" पडला, "न" पडला, अन् "दे" काय "द्या" काय दोघांचंही "गिव्ह"च होते. हाती काय उरलं तर "गिव्ह वॉटर". पोरगं मनातल्या मनात पूर्ण आदराने बोललं, तो आदर वाटेत सांडला एवढंच.

इंग्लिशमध्ये पण एकेकाळी तू साठी "दाउ" असा वेगळा शब्द होता अन् "यू" हा तुम्ही सारखा, अनेकांसाठी अन् मोठ्यांसाठी. मग सतराव्या शतकाच्या आसपास तो दाउ रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलाच. आता कुत्र्याला पण यू अन् कलेक्टरला पण यू. शब्दात फरक करता येत नाही म्हटल्यावर तो फरक वाक्य कसं बांधलं यात करावा लागतो. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांचा चेहराच मोकळा होते, "म्हणजे आम्ही उद्धट नाही न मॅडम?" नाही रे बाबा.

मग पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करायची?

मराठीतून. खरंच. फळ्यावर तीन वाक्यं लिहा, सिटी बसमध्ये सीटवर पसरून बसलेल्या माणसाला म्हणायची. "सरक." "सरका न भाऊ." "थोडं सरकता का भाऊ?" आता वर्गाला विचारा यातलं मऊ कोणतं. एका सेकंदात सांगतात. मग विचारा की तिसऱ्यात काय आहे जे पहिल्यात नाही. कोणीतरी म्हणतेच, "मॅडम, त्याच्यात विचारून राहिलो." झालं! हाच तो धडा. तिथेच लगेच "कॅन यू मूव्ह अ लिटल?" द्यायचं. हे काही परकं नाही, आपण रोज बसमध्ये करतो तेच आहे, हे त्यांना पहिल्याच दहा मिनिटात कळलं पाहिजे.

त्या दिवशी दोनच साचे. "कॅन यू" म्हणजे काम तू कर, अन् "कॅन आय" म्हणजे मी करू का. याच्यात गोंधळ खूप होते, पोरगं स्वतः पाणी प्यायला जाऊन राहिलं अन् विचारते "कॅन यू गो फॉर वॉटर?" मी म्हणते, मी कशाला जाऊ, मला तहान नाही. चार वेळा असं झालं की लक्षात राहते.

कॅन शिकवायचं की कुड? कुड तर भूतकाळ आहे न?

आधी कॅन, दोन-तीन दिवसांनी कुड. अन् भूतकाळवाला प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येते, त्याला माझ्याकडे एकच औषध आहे. तुम्ही बँकेत मॅनेजरच्या केबिनच्या दारात उभे राहून काय म्हणता? "सर, थोडं काम होतं." होतं? काम तर आत्ता आहे! काल होतं अन् आज संपलं असं थोडीच आहे. तरी आपण "काम आहे" न म्हणता "होतं" म्हणतो, "एक विचारायचं होतं" म्हणतो. भूतकाळ केला की बोलणं एक पाऊल मागे सरकते, अंगावर येत नाही. कुड अन् वुड तेच करतात. तसंच "द्याल का" मध्ये भविष्यकाळ आहे पण उद्या द्या असा अर्थ नाही. आमचं वऱ्हाडी "देजो", "येजो" पण तसंच, हुकूम थोडा पुढे ढकलला की मऊ होते. हे सांगितल्यावर कुड कोणालाच विचित्र वाटत नाही.

उच्चाराचं पण बघा, स्पेलिंगमध्ये ल दिसते म्हणून पोरं "कुल्ड" अन् "वुल्ड" म्हणतात. ल बोलायचाच नाही. अन् भराभर बोलणाऱ्याचं "कुड यू" ऐकायला "कुज्यू" येते, ते बोलायला लावू नका पण ऐकायला नक्की शिकवा, नाहीतर समोरचा काय विचारून राहिला हेच कळत नाही.

"आय वॉन्ट" म्हटलं तर काय चुकलं? मला पाहिजे म्हणजे आय वॉन्टच न?

डिक्शनरीत हो. पण "मला चहा पाहिजे" यात मी हा मालक नाही, चहाची गरज मला आहे असं ते वाक्य आहे, त्यामुळे मराठीत ते साधं वाटते, कोणाला टोचत नाही. "आय वॉन्ट टी" मध्ये आय पुढे येऊन उभा राहते छाती काढून. लहान पोरं हट्ट करतात तसं वाटते. दुकानात, हॉटेलात "आय'ड लाइक" किंवा "कॅन आय हॅव" शिकवा. सुट्टी मागताना तर आय वॉन्ट बंदच करा. "सर, आय वॉन्ट लीव्ह" अन् "सर, कॅन आय टेक लीव्ह टुमॉरो?" दोन्ही ऐकून बघा, तुम्हाला कोणाला सुट्टी द्यावीशी वाटते.

प्लीज वाक्यात कुठे ठेवायचं?

शेवटी किंवा कुड यू च्या लगेच मागे. "कुड यू प्लीज साइन हिअर?" किंवा "कॅन आय हॅव द बिल, प्लीज?" सुरुवातीला ठेवलं की बोर्डावरची सूचना वाटते, प्लीज कीप सायलेन्स टाइप. चूक नाही, पण नवशिक्याला सवय लावू नका. अन् एका वाक्यात एकच, दोन-तीन लावले की गयावया होते.

शब्द सगळे बरोबर असून पण लोक तोंड वाकडं करतात, असं का होते?

सूर. याच्यावर कोणी वेळ देत नाही अन् सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. जॉन गम्पर्झ नावाच्या भाषेच्या अभ्यासकाने इंग्लंडमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅन्टीनचा किस्सा नोंदवला आहे, 1982 साली तो छापून आला. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय अन् पाकिस्तानी बायका वाढायचं काम करायच्या, अन् तक्रार अशी की या बायका तुसड्या आहेत. मग ऐकून बघितलं तर निघालं काय, गिऱ्हाइकाला रस्सा पाहिजे का विचारताना इंग्रज बाई "ग्रेव्ही?" म्हणताना सूर वर न्यायची, अन् आपल्या बायका "ग्रेव्ही." असा खाली टाकायच्या. त्यांच्या मनात तो प्रश्नच होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं की ही घे ग्रेव्ही, खायची तर खा. एका शब्दाचा मामला! बायकांना टेप ऐकवून फरक दाखवला, तेव्हा कुठे दोन्हीकडच्यांना कळलं की भांडण कशाचं होतं.

मी वर्गात हाच खेळ करते, नुसता एक शब्द, "तर्री?" अन् "तर्री." आधी मराठीतच. पोरं हसतात, पण कान तयार होते. मग "कॅन यू हेल्प मी?" शेवटी वर नेऊन. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकायला लावा, आपलं आपल्याला ऐकू आलं की मी सांगायची गरजच राहत नाही.

वर्गात सराव कसा घ्यायचा? नुसतं रिपीट आफ्टर मी करून पोरं कंटाळतात.

कंटाळणारच, मी पण कंटाळते. माझा ठरलेला प्रकार म्हणजे पोह्याची गाडी. टेबल पुढे ओढायचं, मी गाडीवाली, समोर लाइन. नियम एकच, प्रश्न करून मागितलं नाही तर मला ऐकू येत नाही. "वन प्लेट पोहा" म्हटलं की मी चमचा धुवत बसते. "गिव्ह वन प्लेट", बहिरी. "कॅन आय हॅव वन प्लेट पोहा, प्लीज?" म्हटलं की लगेच प्लेट. मग पुढचं, तर्री वाढवून पाहिजे, "कुड यू ॲड सम मोर तर्री?", कांदा नको, लिंबू पाहिजे, सुट्टे पैसे नाहीत. मी मधेच म्हणते तर्री संपली, मग काय म्हणणार? तिथे "ओके, नो प्रॉब्लेम" आलं पाहिजे, काहीजण पाय आपटतात अन् मराठीत सुरू होतात, "काऊन संपली?" म्हणून. मजा येते.

दुसरा प्रकार उन्हाळ्याचा, कूलर. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या वर, घरोघरी कूलरमध्ये पाणी टाकण्यावरून भांडणं. काम एकच, कूलर भरा, पण चार लोकांना सांगायचं, लहान भाऊ, नवरा किंवा बायको, शेजारचे काका अन् ऑफिसमधला साहेब. भावाला "कॅन यू फिल द कूलर?" पुरते. शेजारच्या काकांना "कुड यू फिल अवर कूलर टुमॉरो, प्लीज? वी आर गोइंग टू वर्धा." अन् साहेबाला? इथे वर्ग थांबते, एकमेकांकडे बघते, अन् कोणीतरी म्हणते, "मॅडम, साहेबाला कूलर भरायला कोण सांगते?" अगदी बरोबर. काही गोष्टी कितीही गोड इंग्लिशमध्ये मागायच्या नसतात, हे पण याच धड्यात येते. साहेबाला फार तर "सर, कॅन वी गेट समवन टू फिल द कूलर?" म्हणा.

कारण सांगण्याचं पण इथेच घ्या. आपल्याकडे आधी कारण, तेही सविस्तर, आत्याच्या मुलीचं लग्न, गाडी किती वाजता, कोण सोडायला येणार, अन् मागणी शेवटी. इंग्लिशमध्ये तेवढी वाक्यंच जमत नाहीत, पोरगं कारणातच अडकते अन् मागायचं राहूनच जाते. मी सांगते, आधी मागा, मग एका वाक्यात कारण, मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात कठीण जाते.

नवशिक्याला सगळ्यात आधी कोणती वाक्यं पाठ करून द्यावी?

जी त्याला वर्गातच आजच लागतात. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?", "कुड यू स्पीक स्लोली, प्लीज?", "कॅन यू राइट इट डाउन?" कारण कळलं नाही की आपण "काय?" म्हणतो, त्याचं सरळ "व्हॉट?" होते, अन् व्हॉट अंगावर धावून जाते. फोनवर बोलणाऱ्या पोरींना तर ही वाक्यं पहिल्याच दिवशी. अन् अनोळखी माणसाला थांबवताना "ओ भाऊ" च्या जागी "एक्सक्यूज मी". रस्ता, मेट्रोचा प्लॅटफॉर्म, ओपीडी कुठे आहे, सगळीकडे आधी तेच.

"बॉरो" अन् "लेंड" चा गोंधळ कसा सोडवायचा?

आपण दोन्हीकडे "पेन दे" म्हणतो म्हणून होते. लेंड शिकवूच नका सुरुवातीला. "कॅन आय बॉरो युअर पेन?" एवढं एकच. एक पेन वर्गभर फिरवायचा, ज्याला पाहिजे त्याने मागायचा, शेवटी माझ्याकडे परत आला पाहिजे. एकदा नाही आला.

"वुड यू माइंड" घ्यायचं का?

नवशिक्यांना नको. त्यात फसगत आहे, माइंड म्हणजे तुम्हाला चालणार नाही का असं विचारतो आपण, त्यामुळे "नो" म्हणजे हो, करतो, अन् "येस" म्हणजे माझी हरकत आहे. शिवाय त्यानंतरच्या क्रियापदाला आयएनजी लागते. माझ्या एका काकूंनी आनंदाने "येस येस" म्हणून खुर्ची दिली, समोरचा तसाच उभा. ऐकून ओळखता आलं तरी पुरे, बोलायला सहा महिने थांबा. "आय वॉज वंडरिंग इफ" पण त्याच डब्यात.

सर, मॅडम, अंकल, भैया लावायचं की नाही?

भारतात बोलून राहिले तर लावा न, सर-मॅडम आपल्याकडे चालतेच अन् ऑफिसात अपेक्षाच असते. फक्त सर लावलं म्हणून हुकमाचा प्रश्न होत नाही हे सांगा, "सर, गिव्ह डेट" हे सर लावून पण गिव्ह डेटच आहे. बाहेरच्या देशातल्या क्लायंटशी बोलणाऱ्यांनी मात्र अंकल, आंटी घरी ठेवावं. तिथे ते वय काढल्यासारखं होऊ शकते.

"काइंडली" अन् "डू द नीडफुल" शिकवू का? आमच्या ऑफिसात सगळे लिहितात.

लिहितात हे खरं आहे. ते भारतीय ऑफिसचं इंग्लिश आहे, आतल्या आत चालते, मी त्याची टिंगल करत नाही. पण काइंडली बोलण्यात आणू नका अन् लिहिताना पण समजून घ्या की "काइंडली सेंड द फाइल" हा हुकूमच आहे. नीडफुलमध्ये तर नेमकं काय करायचं तेच सांगितलेलं नसते. "कुड यू सेंड मी द फाइल बाय फाइव्ह?" यात काम आहे, वेळ आहे, अन् प्रश्न आहे. व्हॉट्सॲपवर पण तसंच. नुसतं "सेंड फास्ट" टाकणारे माझ्याच बॅचमध्ये आहेत, मला पाठवतात.

नकार द्यायला पण शिकवायचं का?

हो, त्याच दिवशी. नाहीतर जोडीत सराव करताना सगळे "येस, येस" करतात अन् संपून जाते. "शुअर", "ऑफ कोर्स", अन् नाही म्हणायला "सॉरी, आय कान्ट, आय'म यूजिंग इट." आपण सरळ नाही म्हणत नाही, "बघतो", "पाहू" म्हणतो, त्याचं "आय विल सी" करतात अन् समोरचा वाट बघत बसते.

बोलताना ग्रामर चुकलं तर मधेच थांबवू का?

नको. "कॅन यू टू गिव्ह मी" म्हटलं तरी प्रश्न झाला न? तुम्ही उत्तर देताना बरोबर वाक्य परत म्हणा, "ओह, कॅन आय गिव्ह यू द पेन? शुअर." कानावर पडते. मी थांबवते ते फक्त हुकूम आला तर.

आमचे विद्यार्थी मराठी शाळेत पहिलीपासून इंग्लिश शिकलेत, तरी मागता येत नाही, कसं काय?

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे. म्हणजे आता माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या पोरांनी दहा-बारा वर्षं इंग्लिश वाचलं, काळ बदलले, पॅसिव्ह केलं. पण वर्गात प्रश्न विचारायचे मास्तरांनी अन् उत्तर द्यायचं पोरांनी, मागायची वेळ कधी आलीच नाही. बाहेर जायचं असलं तर "मे आय गो आउट?" तेवढं एक पाठ असते, ते मात्र खणखणीत म्हणतात, चाळिशीतले पण. मी तर तिथूनच सुरू करते कधी कधी, हे बघा तुम्हाला येते, आता मे च्या जागी कॅन टाका अन् गो आउट च्या जागी दुसरं काही.

किती दिवस लागतात?

साचे बसायला आठवडा-दीड आठवडा, रोज अर्धा तास. सूर बसायला महिने. अन् गडबडीत, चिडल्यावर, भूक लागल्यावर परत "गिव्ह" येतेच, मग मी परत पोह्याची गाडी लावते.

घरी पण बोलून राहिले तर? माझी मुलगी मला "कुड यू प्लीज पास द सॉल्ट" म्हणते अन् सासूबाई चिडतात.

चिडणारच. आपल्याकडे घरच्या माणसाला एवढं अदबीने बोललं की काहीतरी बिनसलं असं वाटते, मी एकदा आईला थँक्यू म्हटलं तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. घरी "आई मीठ दे न" च म्हणू द्या. सराव करायचाच असेल तर पाहुणे आल्यावर करा, तेव्हा सासूबाईंना पण चालते.